पॉसॉक्स वूस्टरला का गेले, त्यामागची हकीकत

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर शहराची बेसबॉल टीम वूसॉक्स ही २०२१ ची नवी टीम असं बरेच जण धरून चालतात, पण ती नवी नाहीच, शेजारच्या ऱ्होड आयलंड राज्यातल्या पॉटकेटहून उचलून नेलेली जुनी पॉसॉक्सच आहे, आणि ते कसं झालं हे सांगितल्याशिवाय वूस्टरबद्दल बोलणं मला तरी अर्धवट वाटतं.

पॉटकेट म्हणजे जुनं गिरण्यांचं गाव. मकॉय स्टेडियम १९४२ चं, दलदलीत भर घालून बांधलेलं. मधे एक-दोन टीम आल्या नि गेल्या. बॉस्टन रेड सॉक्स या मोठ्या टीमच्या हाताखालची डबल-ए टीम १९७० ला आली, १९७३ ला तिच्या जागी एक पायरी वरची, म्हणजे मुख्य लीगच्या लगेच खालची ट्रिपल-ए टीम आली, पण चार वर्षांत दिवाळं निघायची वेळ आली. १९७७ ला कापडधंद्यातून रिटायर झालेल्या एकाने ती घेतली आणि तिथून खरी पॉसॉक्स सुरू झाली. तिकीट स्वस्त, पार्किंग फुकट. तिथे डगआउट, म्हणजे प्लेअर बसायची जागा, प्रेक्षकांच्या पायाखालीच होते, त्यामुळे पोरं दुधाचे कॅन कापून त्यात बॉल ठेवायची आणि दोरीने खाली सोडायची, प्लेअर सही करून परत पाठवायचे.

१९८१ ची ३३ इनिंगची मॅच (एरवी नऊच असतात) बेसबॉलवाल्या सगळ्यांना माहितीये. १८ एप्रिलला सुरू झाली, पहाटे ४:०७ ला थांबवली तेव्हा स्टँडमध्ये १९ जण उरले होते, आणि २३ जूनला राहिलेली इनिंग १८ मिनिटांत संपली, पॉटकेट ३-२ ने जिंकलं.

आता वादाचा भाग. जुने मालक २०१० ला वारले आणि २०१५ ला टीम विकली गेली. नव्या मालकांनी लगेच सांगितलं की स्टेडियम प्रॉव्हिडन्सला हवं, लोक भडकले, तो बेत बारगळला. मग पॉटकेटमध्येच ८ कोटी ३० लाख डॉलरचं स्टेडियम ठरलं, टीम ४.५ कोटी, राज्य २.३, गाव १.५ असं. जानेवारी २०१८ ला वरच्या सभागृहाने पासही केलं. खालच्या सभागृहाने मात्र महिनोन्महिने ताटकळत ठेवून जूनमध्ये बिलच बदललं, म्हणजे कर्जामागची राज्याची हमी काढून घेतली. हमी गेली की व्याज वाढणार, हे कुणालाही कळतं. करदात्यांना वाचवलं असं त्यांचं म्हणणं, आणि सरकारने श्रीमंत मालकांसाठी पैसा का घालावा हा प्रश्न खोटा नाहीच, पण हमी काढून वर 'आम्ही पास केलं की' म्हणणं मला पटत नाही. तोपर्यंत वूस्टरवाले बोलणी करत होते, आणि १७ ऑगस्टला टीमने तिकडे जायचं जाहीर केलं. मालक आधीपासून जायच्याच तयारीत होते असं म्हणणारेही आहेत, ते अगदीच चूक नसावेत. तिकडे वूस्टरच्या नव्या स्टेडियमचा, पोलर पार्कचा, खर्चही १० कोटींवरून बराच वर गेला, ते वेगळं.

२०२० चा सीझन निरोपाचा होणार होता, तो कोविडमध्ये रद्द झाला. म्हणजे सप्टेंबर २०१९ ची मॅच शेवटची ठरली, आणि त्या दिवशी घरी जाणाऱ्यांना ते माहीतच नव्हतं. मकॉय २०२५ ला पाडायला घेतलं, तिथे हायस्कूल होणारे. त्याच वर्षी त्याच गावात नदीकाठी सॉकरचं नवं स्टेडियम उघडलं, आणि त्यात राज्याचा पैसा आहे.