जबाबदारी सिस्टरची, अधिकार कोणाचा? परिचर्येतील नेतृत्वाची पार्श्वभूमी

नर्सिंगच्या वर्गात व्यवस्थापनाचा विषय सुरू झाला की पहिल्या काही तासांतच आन्री फेयॉलची चौदा तत्त्वे फळ्यावर येतात. कामाची विभागणी, शिस्त, आदेशाची एकवाक्यता, अधिकाराची उतरंड वगैरे. विद्यार्थिनी ती पाठ करतात, परीक्षेत लिहितात. नागपुरात मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डात ड्युटी लागली, की या यादीतल्या निम्म्या गोष्टी तिथे दिसतच नाहीत असे त्यांच्या लक्षात येते. दोष त्यांच्या पाठांतराचा नाही. फेयॉल फ्रान्समधल्या खाण कंपनीचा प्रमुख होता आणि त्याची मांडणी 1916 सालची. वॉर्ड कसा चालवायचा याचा विचार त्याच्या अर्धशतक आधीच एका परिचारिकेने केला होता, आणि तिने मांडलेला पहिला मुद्दा अधिकाराचाच होता.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल 1854 च्या नोव्हेंबरात क्रिमियाच्या युद्धात 38 परिचारिका घेऊन तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. आपल्याकडे त्यांची आठवण कंदिलासकट काढली जाते. कंदिलापेक्षा त्यांच्याजवळचे नेमणुकीचे पत्र जास्त महत्त्वाचे होते. तिथल्या सगळ्या परिचारिकांवर त्यांचाच अधिकार चालेल, हे त्यांनी युद्धखात्याकडून आधीच लेखी घेतले होते. लष्करी डॉक्टरांना या बायका नको होत्या. तेव्हा डॉक्टर बोलावत नाहीत तोवर रुग्णाला हात लावायचा नाही, असा कडक नियम नाइटिंगेल यांनी स्वतःच घातला. वैद्यकीय आदेश डॉक्टरांचे पाळायचे. परिचारिकांची नेमणूक, शिस्त आणि कामाची वाटणी मात्र परिचारिकाच करणार. ही रेघ त्यांनी तिथेच आखली. 1860 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाची प्रशिक्षणशाळा निघाली, तिची रचनाही अशीच होती. मेट्रन सर्वांत वर, तिच्या हाताखाली वॉर्ड सिस्टर आणि सिस्टरच्या हाताखाली शिकाऊ मुली.

त्याच सुमारास आलेल्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या पुस्तकात किरकोळ व्यवस्थेवर एक प्रकरण आहे. माझ्या मते परिचर्येतल्या व्यवस्थापनाचे मूळ तिथे आहे. त्यांचे म्हणणे असे: मी हजर असताना जे काम नीट होते, ते मी नसतानाही तसेच व्हायला हवे, आणि ते कसे होईल याची तजवीज करणे म्हणजेच कारभार. सगळे स्वतःच करत सुटणारी परिचारिका कितीही कष्टाळू असली तरी कारभारात ती कमी पडते.

हे वाचले की वॉर्डातली ओव्हर, म्हणजे पाळी बदलताना एकीने दुसरीकडे सोपवलेला कारभार, डोळ्यांपुढे येते. रात्री आठला इव्हिनिंगची सिस्टर नाईटवालीला बेडपासून बेडपर्यंत घेऊन जाते. नाव, निदान, ऑपरेशनचा कितवा दिवस, सलाईन किती उरले, कॅथेटर कधी बदलला, दहाचे इंजेक्शन कोणते, कोणत्या रुग्णाचे नातेवाईक रक्त आणायला गेलेत आणि अजून परतले नाहीत. मग इमर्जन्सी ट्रे, ऑक्सिजन सिलिंडर, मोजून घेतलेल्या वस्तू, आणि शेवटी कपाटाची किल्ली. गोंदियाहून आलेल्या म्हाताऱ्याला मधुमेह आहे, हे संध्याकाळच्या सिस्टरला ठाऊक असते. ते रात्रीच्या सिस्टरला कळले नाही तर सकाळपर्यंत काय होईल हे दोघींनाही माहीत असते. म्हणून ओव्हर घाईने उरकणाऱ्या मुलीला जुन्या सिस्टर रागावतात, आणि ते योग्यच आहे.

ही व्यवस्था भारतात दोन वाटांनी आली. पहिली वाट लष्कराची. इंग्रज फौजेच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या राजआयोगाचा अहवाल 1863 मध्ये आला. कामठीसारख्या देशभरच्या छावण्यांमध्ये दर हजारी 69 गोरे सैनिक वर्षाला मरत होते, तेही लढाईपेक्षा घाणीने आणि तापाने. भारतात कधीही पाऊल न ठेवलेल्या नाइटिंगेल यांनी या आकड्यांवर वर्षानुवर्षे काम केले. 1888 मध्ये प्रशिक्षित परिचारिकांची पहिली तुकडी मुंबईत उतरली ती लष्करासाठीच. हुद्दा, गणवेश, वरिष्ठ आल्यावर उभे राहणे, या गोष्टी तिथून आल्या.

दुसरी वाट मिशनची, आणि नागपूरला ती अधिक जवळची. स्कॉटिश मिशनच्या डॉ. ॲग्नेस हेंडरसन यांच्या प्रयत्नांतून 1890 च्या दशकात सीताबर्डीला स्त्रियांसाठी म्युअर मेमोरियल रुग्णालय उभे राहिले. पुरुष डॉक्टरला हात दाखवायला बायका तयार नसत, घरचेही येऊ देत नसत. अशा काळात बायकांनी चालवलेले रुग्णालय ही साधी गोष्ट नव्हती. मिशनने परिचर्येला सेवाभाव दिला, आणि मुलींना शिकण्याची, स्वतः कमावण्याची वाट दिली. त्याबरोबर एक ओझेही दिले. सेवा करणाऱ्याने पगार, सुट्टी, माणसे मागू नयेत ही अपेक्षा तेव्हापासून चिकटली. आजही परिचारिका संपावर गेल्या की ‘सेवेचे व्रत’ त्यांनाच आठवून दिले जाते.

स्वतःसाठी बोलायला परिचारिका लवकर एकत्र आल्या होत्या. अधिसेविकांची, म्हणजे मेट्रनची, संघटना 1905 मध्ये लखनौला स्थापन झाली आणि 1908 मध्ये ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया. दोन्हींचे नेतृत्व आरंभी परदेशी परिचारिकांकडे होते. मेट्रनचे टेबल बहुधा गोऱ्या बाईचे आणि वॉर्डातले काम भारतीय मुलींचे. वॉर्डात राबणारी मुलगी पुढे निर्णय घेणार आहे, या तयारीने तिला शिकवलेच जात नव्हते. शिकाऊ मुलगी म्हणजे रुग्णालयाला मिळालेले स्वस्त मनुष्यबळ, ही रीत तेव्हाची आहे आणि ती पुरती गेलेली नाही.

देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या 1946 च्या अहवालाने परिस्थिती उघड केली. देशात सुमारे 7,000 परिचारिका, म्हणजे 43,000 लोकांमागे एक. डॉक्टर तेव्हा सुमारे 6,300 लोकांमागे एक होता. परिचारिकांच्या राहण्याच्या आणि कामाच्या हालांवरही समितीने स्पष्ट लिहिले. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर इथे पदवीचे शिक्षण सुरू झाले, 1947 मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. पदवीच्या अभ्यासक्रमामुळे प्रशासन आणि अध्यापन हे परिचर्येचे विषय म्हणून पुढे आले.

नागपूरचे मेडिकल कॉलेजही 1947 चेच. तेव्हा नागपूर मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होते. रुग्णालयाच्या पदांची फाइल याच शहरातल्या सचिवालयात फिरत होती. 1956 ला राज्य पुनर्रचना झाली, राजधानी गेली, फाइल मुंबईला गेली. 1966 च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाने राज्यभरासाठी नोंदणीचा एक कायदा आला. पुढे वैद्यकीय शिक्षण आणि सार्वजनिक आरोग्य ही खाती वेगळी झाली. आज मेयो-मेडिकल एका खात्याकडे, तर गांधीबागेजवळचे डागा स्त्री रुग्णालय दुसऱ्याकडे. एकाच शहरातल्या अधिपरिचारिकांच्या (स्टाफ नर्सच्या) बदल्या, बढत्या दोन निरनिराळ्या दारांतून होतात.

आता पुन्हा फळ्यावरच्या तत्त्वाकडे. आदेशाची एकवाक्यता म्हणजे एका माणसाला एकच वरिष्ठ. वॉर्डाच्या परिसेविकेला, म्हणजे इन्चार्ज सिस्टरला, किती वरिष्ठ? अधिसेविका आहेतच. युनिटचे प्रमुख राउंडला सांगतात ते वेगळे, निवासी डॉक्टर रात्री सांगतो ते वेगळे, वैद्यकीय अधीक्षकांचे परिपत्रक आणखी वेगळे. औषध संपले तर इंडेंट (मागणीपत्र) तिने पाठवायचे, पण ते भांडारातून मिळेल की नाही हे तिच्या हाती नाही. सफाई कामगार कंत्राटदाराचा. वॉर्ड अस्वच्छ दिसला तर विचारणा सिस्टरला. ड्युटी लावते ती, पण माणसे किती हे दुसरे कुणी ठरवते. एक प्रसूती रजेवर, एक व्हीआयपी ड्युटीला, एक जागा रिकामी, आणि उरलेल्यांत तीन पाळ्या बसवायच्या. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत तर अधिकच ओढाताण. नाइटिंगेल यांनी लेखी मागून घेतलेली गोष्ट नेमकी इथे गळालेली आहे.

मनुष्यबळाचा प्रश्न सिद्धान्ताने सुटत नाही, हे अमेरिकेतल्या प्रयोगांवरूनही दिसते. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे परिचारिका कमी पडल्या. 1950 च्या दशकात एलेनॉर लॅम्बर्टसन यांनी टीम नर्सिंगची मांडणी केली: अनुभवी परिचारिका पुढारी आणि तिच्याभोवती कमी शिकलेले सहकारी. 1969 च्या सुमारास मेरी मँथी यांनी मिनेसोटात प्रायमरी नर्सिंग आणले, म्हणजे दाखल झाल्यापासून घरी जाईपर्यंत रुग्णाची जबाबदारी एका परिचारिकेची. दोन्ही पद्धती आपल्या पुस्तकांत आहेत. आपल्या जनरल वॉर्डात बहुतेक वेळा त्याआधीची पद्धत चालते. एकीकडे इंजेक्शने, दुसरीकडे ड्रेसिंग, तिसरीकडे कागद. सिस्टरला दुसरे काही येत नाही म्हणून नव्हे, तर चाळीस रुग्णांमागे दोघीच असल्या की तेवढेच शक्य असते. शिक्षण रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हा परिषदेचा मापदंड आहे. 2002 मध्ये लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी पेन्सिल्व्हेनियातल्या रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेच्या रुग्णांत, प्रत्येक परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यूची शक्यता सात टक्क्यांनी वाढत होती. वॉर्डात माणसे मागणारी अधिसेविका हट्टी म्हणून ओळखली जाते, तेव्हा हा आकडा कुणीतरी तिच्या बाजूने पुढे ठेवायला हवा.

आपल्याकडे समित्या झाल्या. 1954 ची शेट्टी समिती, 1980 च्या दशकाच्या अखेरची सरोजिनी वरदप्पन यांची उच्चाधिकार समिती. सेवाशर्ती सुधारा, प्रशासनात परिचर्येच्या माणसांना वरच्या जागा द्या, हे वारंवार सांगून झाले. 2016 मध्ये केंद्राने स्टाफ नर्सला नर्सिंग ऑफिसर असे पदनाम दिले. 2023 मध्ये 1947 च्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा आला. त्याचा भर शिक्षण, नोंदणी आणि व्यावसायिक आचरण यांवर आहे. वॉर्डात किती जणी असाव्यात, रिकाम्या जागा कधी भराव्यात, स्वच्छतेच्या कंत्राटात परिसेविकेची सही लागावी की नाही, हे ठरते ते राज्याच्या खात्यांत आणि रुग्णालयाच्या अधीक्षक कार्यालयात. तेव्हा नागपूरच्या परिचारिकांची अधिकाराची मागणी जायला हवी ती याच दोन ठिकाणी, आणि नाइटिंगेल यांनी मागितले तसेच त्यांनीही लेखी मागावे.