सापळ्यातली पावडर आणि कोर्टातला प्रश्न

लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा सापळा तलाठ्यासाठी असो वा बड्या साहेबासाठी, तयारी साधारण सारखीच असते. तक्रारदाराने आणलेल्या नोटांचे नंबर पंचांसमोर लिहून घेतात आणि नोटांना फिनॉल्फ्थॅलीनची पांढरी पावडर लावतात. पावडर लावणारा कर्मचारी पथकासोबत जात नाही. त्याच्याच हाताची पावडर आरोपीला लागली असेल, अशी शंका पुढे कोर्टात निघायला नको. मग नोटा तक्रारदाराच्या खिशात ठेवून त्याला बजावतात: समोरच्याने मागितल्याशिवाय त्यांना हात लावायचा नाही.

इशारा मिळताच पथक आत शिरतं. काचेच्या ग्लासांत धुण्याच्या सोड्याचं, म्हणजे सोडियम कार्बोनेटचं पाणी करतात आणि ते रंगहीन असल्याचं पंचांना दाखवतात. एका ग्लासात उजव्या हाताची बोटं बुडवायची, दुसऱ्यात डाव्या. पावडर लागली असेल तर पाणी लगेच गुलाबी होतं. अल्कधर्मी द्रावणात फिनॉल्फ्थॅलीनच्या रेणूतलं एक कडं उघडतं, त्यातले इलेक्ट्रॉन रेणूभर पसरतात आणि रेणू हिरवा प्रकाश शोषू लागतो. त्यामुळे आपल्याला पाणी गुलाबी दिसतं. सामू 8.2 च्या आसपास पोचला की हा बदल सुरू होतो. सोड्याच्या पाण्याचा सामू 11 च्या जवळपास असतो. महाराष्ट्रातल्या बऱ्याच सापळ्यांत अँथ्रासीनही वापरलेलं आढळतं. अतिनील दिव्याखाली ते निळसर चमकतं.

साक्षीदारांच्या तोंडी जबाबावरच सगळा भार राहू नये म्हणून अशी रासायनिक चाचणी करावी, असं सुप्रीम कोर्टाने 1970 च्या दशकातच सांगितलं होतं. पण चाचणीतून कळतं ते एवढंच, की पावडर हाताला लागली. नोटा कुणी जबरदस्तीने हातात कोंबल्या तरी पाणी गुलाबीच होणार. म्हणूनच बी. जयराज (2014) आणि पी. सत्यनारायण मूर्ती (2015) या खटल्यांत कोर्टाने बजावलं, की नुसत्या नोटा सापडून भागत नाही, मागणी सिद्ध व्हायला हवी. 2022 मध्ये नीरज दत्ता खटल्यात पाच न्यायमूर्तींनी त्यात भर घातली: तक्रारदार फितूर झाला किंवा वारला, तरी परिस्थितिजन्य पुराव्यावरून मागणी सिद्ध करता येते.

या सगळ्यामागे एक जुना प्रश्न आहे: लाच घेण्याचा विचार मुळात कोणाचा? 1956 च्या रामजनम सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने कडक शब्दांत सुनावलं होतं, की माणसाला सहन होणार नाही इतका मोह घालून कायद्याच्या रक्षकांनीच त्याला गुन्ह्यात ढकलता कामा नये. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. अमेरिकेत 1958 च्या शर्मन खटल्यात, व्यसनमुक्तीचे उपचार घेणाऱ्या माणसाकडे सरकारी खबऱ्याने पुन्हा पुन्हा गयावया करून अंमली पदार्थ मागितले होते. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या माणसाची शिक्षा रद्द केली. इंग्लंडमध्ये 2001 च्या लूसली निकालापासून असा खटला थेट थांबवण्याची वाट आहे. आपल्याकडे कायद्यात असा वेगळा बचाव लिहिलेला नाही. त्यामुळे वाद घुटमळतो तो मागणीच्या पुराव्यापाशी.

तिथे सापळ्याआधीची पडताळणी कामी येते. तक्रारदार व्हॉइस रेकॉर्डर घेऊन पंचासह जातो आणि पैशाचा विषय कोण काढतं, ते ध्वनिमुद्रित होतं. बचावाचा वकील उलटतपासणीत हीच नोंद आधी उघडतो: तक्रारदाराने स्वतःहून ‘साहेब, किती देऊ?’ असं विचारलं होतं का?