मेदचयापचय संशोधनातील संश्लेषित पेप्टाइडे

शरीरात चरबी साठणे, साठलेली मोकळी होणे आणि जळणे या क्रियांवर परिणाम होतो का, हे तपासण्यासाठी कृत्रिमरीत्या घडवलेल्या ॲमिनो अम्लांच्या साखळ्या. सेटमेलानोटाइड या औषधात ८, तर टेसामोरेलिन या दुसऱ्या औषधात ४४ ॲमिनो अम्ले असतात. बाकीची बहुतेक या दोहोंच्या दरम्यान.

या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या जाती मोजल्या जातात आणि बराचसा गोंधळ तिथूनच सुरू होतो. एका जातीकडून अपेक्षा असते ती थेट मेदपेशीतली चरबी मोकळी करण्याची. दुसरी प्रामुख्याने मेंदूतील भूक-तृप्तीच्या केंद्रांवर काम करते. खाणे कमी होते आणि म्हणून चरबी घटते. मोठ्या मानवी चाचण्यांत ठळक यश मिळाले ते दुसरीला.

पहिल्या जातीचे ठरावीक उदाहरण म्हणजे एओडी-९६०४. मानवी वाढ संप्रेरकाच्या १९१ घटकांच्या साखळीचे शेपूट (१७७ ते १९१) घेऊन त्याच्या पुढे एक टायरोसीन जोडलेले, एकूण १६ घटकांचे, दोन सिस्टीनांमध्ये डायसल्फाइड बंध (गंधकाच्या दोन अणूंमधला दुवा) असलेले. ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठातल्या कामातून ते पुढे आले. लठ्ठ उंदरांची चरबी त्याने घटली, पण माणसांवरच्या २४ आठवड्यांच्या चाचणीत वजनात पुरेसा फरक दिसला नाही आणि २००७ मध्ये लठ्ठपणासाठीचा विकास थांबला. टेसामोरेलिनची वाट आणखी निराळी : ते पियुषिका ग्रंथीकडून वाढ संप्रेरक स्रवायला लावते. एचआयव्हीबाधितांच्या पोटातील जादा चरबीसाठी अमेरिकेत त्याला २०१० मध्ये मान्यता मिळाली. सर्वसाधारण वजन कमी करण्यासाठी ती मान्यता नाही.

दुसऱ्या जातीतल्या गाजलेल्या औषधांचे मूळ जीएलपी-१ या आतड्यातील, भूक कमी करणाऱ्या संप्रेरकात आहे. रक्तात त्याचे अर्धायुष्य (प्रमाण निम्मे व्हायला लागणारा वेळ) जेमतेम २ मिनिटे, कारण डीपीपी-४ हे विकर सुरुवातीची दोन ॲमिनो अम्ले कापून टाकते. सेमाग्लुटाइड या वजन घटवणाऱ्या औषधात कापण्याच्या जागेचे ॲलनिन बदलून तिथे विकराला सहज न कापता येणारे अमिनोआयसोब्युटिरिक अम्ल बसवले आहे. शिवाय २६ व्या जागेच्या लायसीनला जोडलेली मेदाम्लाची शेपटी रक्तातील अल्ब्युमिनला धरून ठेवते. अर्धायुष्य त्यामुळे सुमारे एक आठवड्यावर गेले. सेमाग्लुटाइडची मूळ साखळी यीस्टमध्ये तयार होते आणि शेपटी नंतर रासायनिक रीतीने जोडली जाते, म्हणजे काटेकोरपणे ते अर्धेच संश्लेषित. ३९ घटकांचे टिर्झेपाटाइड हे तसलेच औषध मात्र पूर्ण संश्लेषित आहे.

साखळी बांधण्याची पद्धत रॉबर्ट ब्रूस मेरीफिल्ड यांनी १९६३ मध्ये मांडली (नोबेल, १९८४). साखळीतले शेवटचे ॲमिनो अम्ल आधी रेझीनच्या (न विरघळणाऱ्या बहुवारिकाच्या) मण्यांना जोडतात. डीएमएफ या द्रावकातील २० टक्के पिपेरिडीनने एफमॉक संरक्षक गट (अम्लाच्या टोकावरचे तात्पुरते झाकण) काढायचा, धुवायचे, पुढचे अम्ल डीआयसी व ऑक्झिमा या जोडणी घडवणाऱ्या रसायनांच्या साहाय्याने जोडायचे, पुन्हा धुवायचे. हेच चक्र चालू राहते. गणित निर्दय आहे. ३९ घटकांसाठी ३८ जोडण्या लागतात. प्रत्येक जोडणी ९९ टक्के झाली तरी अखंड साखळी सुमारे ६८ टक्के उरते, ९८ टक्के झाली तर ४६. जोडणी अपुरी राहिली की निनहायड्रिन या रसायनाच्या कैसर चाचणीत मणी निळे दिसतात. टोकाला प्रोलीन असेल तर ही चाचणी फसते, तिथे क्लोरॅनिलची चाचणी वापरावी. शेवटी टीएफए (एक तीव्र आम्ल), ट्रायआयसोप्रोपिलसिलेन व पाणी (९५ : २.५ : २.५) यांच्या मिश्रणात २ ते ३ तास ठेवून साखळी रेझीनवरून सोडवतात आणि थंड ईथरमध्ये साका पाडतात. आर्जिनीन जास्त असतील तर वेळ वाढवावा लागतो. डायसल्फाइड बंध विरल द्रावणातच घडवायचा. द्रावण दाट असेल तर दोन साखळ्या एकमेकींना चिकटतात.

शुद्धीकरणानंतर एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या तंत्रावर) ‘९९ टक्के’ दिसले म्हणजे कुपीतल्या पांढऱ्या भुकटीपैकी ९९ टक्के पेप्टाइड, असे नव्हे. तो आकडा पेप्टाइडासारख्या अशुद्धींपुरताच असतो. पाणी आणि टीएफएचे क्षार वजा केल्यावर निव्वळ पेप्टाइड अनेकदा ८० टक्क्यांच्या आसपास भरते, म्हणजे १ मिलिग्रॅम तोलले तर हाती ०.८ मिलिग्रॅमच. वस्तुमान वर्णपटात १६ डाल्टनने वाढलेले शिखर ऑक्सिडीकरण सुचवते, १८ ने घटलेले अस्पार्टिमाइड (साखळीतून पाण्याचा रेणू निघून बनलेली अशुद्धी). कुपी शीतकपाटातून काढून लगेच उघडल्यास भुकटीवर ओल बसते. आधी ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, मग विरघळवून छोट्या भागांत गोठवावी.

मेदपेशींवरील परीक्षणासाठी उंदरांच्या ३टी३-एल१ पेशी वापरतात. आयबीएमएक्स, डेक्सामेथासोन व इन्सुलिन या द्रव्यांनी त्यांचे मेदपेशींत रूपांतर व्हायला ८ ते १० दिवस लागतात. मग चरबी तुटण्याचे मोजमाप द्रवात आलेल्या ग्लिसरॉलवरून करतात. मेदाम्ले पेशी पुन्हा वापरते, पण ग्लिसरॉल तिला फारसे परत वापरता येत नाही. चरबी हमखास तोडणाऱ्या आयसोप्रोटेरेनॉलनेही आकडा वाढलाच नाही तर पेशी नीट तयार झालेल्या नाहीत. पेप्टाइडाला दोष देण्यात अर्थ नाही. उलट दिशेची फसगत अधिक वाईट : नमुन्यात जिवाणूंचे अंतर्विष असले तर तेच मेदविघटन वाढवते, आणि श्रेय पेप्टाइडाला जाते. एचपीएलसी हे विष दाखवत नाही, त्यासाठी अंतर्विष ओळखणारी एलएएल चाचणी वेगळी करावी लागते. फार विरल द्रावणातले पेप्टाइड प्लास्टिकला चिकटून नाहीसे होते, तेही ध्यानात ठेवावे.

उंदरांवरच्या प्रयोगात सर्वांत मोलाचा गट म्हणजे पेप्टाइड न देता, पेप्टाइड दिलेल्या उंदरांइतकेच अन्न मिळालेल्या उंदरांचा. त्या गटाचीही चरबी तेवढीच घटली तर परिणाम भुकेचा, चयापचयाचा नव्हे. श्वसनगुणोत्तर (सोडलेला कार्बन डायऑक्साइड भागिले घेतलेला ऑक्सिजन) ०.७ कडे सरकले की चरबी जास्त जळते असे वाचतात, पण उपाशी उंदरातही ते तसेच सरकते. उंदरावरून माणसाचा अंदाज उलट्या बाजूनेही चुकतो : एएनपी हे हृदयातील पेप्टाइड मानवी मेदपेशीतील चरबी तोडते, उंदराच्या मात्र जवळपास नाही.

‘फक्त संशोधनासाठी’ असा शिक्का असलेल्या कुप्या निर्जंतुक असतीलच असे नाही. त्यांतील मात्रा माणसासाठी कोणी पडताळलेली नसते. एओडी-९६०४ खेळाडूंसाठी प्रतिबंधित आहे. अशा कुप्यांबरोबर विकले जाणारे ५-अमिनो-१एमक्यू तर पेप्टाइडही नाही, तो लहान कार्बनी रेणू आहे.