डिस्पोजलची गाडी: मिलिटरी ट्रकच्या छंदामागची पार्श्वभूमी

जुना मिलिटरी ट्रक लिलावातून नाहीतर भंगारवाल्याकडून मिळवायचा. दोन-तीन वर्षं सगळे रविवार त्याच्या पोटाखाली गोणपाटावर आडवं होऊन काढायचे. इंजिन उतरवून बोअरिंगला न्यायचं, स्प्रिंगचे गंजलेले पाटे सुटे करायचे, हौद्याच्या कुजलेल्या फळ्या बदलायच्या. शेवटी रंगाची वेळ आली की कळतं, ज्या रंगापायी एवढा खटाटोप केला तो लावायलाच बंदी आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२१वा नियम अगदी सरळ आहे: संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून दुसऱ्या कुठल्याही मोटारीला ऑलिव्ह ग्रीन रंग द्यायचा नाही. नंबर प्लेटवरचा वर तोंड केलेला बाणही तोवर गेलेला असतो. तो बाण म्हणजे इंग्रजांकडून आलेली सरकारी मालमत्तेची खूण, आणि त्याच्यापुढचे दोन आकडे म्हणजे गाडी फौजेत दाखल झाल्याचं साल. गाडी विकली गेली की तिला चारचौघींसारखा आरटीओचा नंबर घ्यावा लागतो. मग कोणी वाळूचा रंग निवडतं, तर कोणी गडद हिरवा मारून विचारणाऱ्याला 'बॉटल ग्रीन आहे हो' म्हणून सांगतं.

या छंदात 'मूळ रूप' हे दोन शब्द सारखे कानावर येतात. आपल्याकडे मात्र मूळ म्हणायचं कशाला, इथूनच वाद सुरू होतो. गाड्या कुठून आल्या आणि मधल्या काळात त्यांनी काय काय केलं, हे पाहिल्याशिवाय तो वाद कळत नाही.

दुसरं महायुद्ध पेटलं तेव्हा मोटारी जुळवण्याचं काम मुंबईला नवं नव्हतं. जनरल मोटर्सने शिवडीला १९२८ सालीच कारखाना थाटला होता. युद्धात तिथे मिलिटरीच्या गाड्या जुळवल्या जाऊ लागल्या. सुटे भाग मोठमोठ्या लाकडी पेट्यांतून येत, त्यात कॅनडाचा वाटा मोठा होता. त्या युद्धात कॅनडाने आठ लाखांहून जास्त लष्करी वाहनं बनवली, आणि त्यातला मोठा हिस्सा 'कॅनेडियन मिलिटरी पॅटर्न' या एकाच साच्याचा होता. चपटं नाक, आखूड केबिन आणि खालून आत कललेली पुढची काच, अशी ही गाडी. काच तशी बसवण्याचं कारण म्हणजे वरून जाणाऱ्या विमानाला तिची चमक दिसू नये. फोर्ड आणि शेव्हरलेट या एरवीच्या हाडवैऱ्यांनी हा साचा वाटून घेतला होता. बाहेरून दोन्ही ट्रक जुळ्या भावांसारखे, पण बॉनेट उघडलं की एकात व्ही-आठ, म्हणजे इंग्रजी 'व्ही'च्या आकारात मांडलेले आठ सिलिंडर, आणि दुसऱ्यात सरळ रांगेतलं सहा सिलिंडरचं इंजिन. याच चॅसीवर जमशेदपूरच्या टाटा पत्र्याची चिलखती गाडीही बनली. फौजेत तिला 'टाटानगर' म्हणत.

अमेरिकन गाड्या पूर्वेकडून आल्या. आसामातल्या लेडोपासून ब्रह्मदेशातून चीनला जाणारा रस्ता अमेरिकनांनी बांधला आणि पहिला काफिला ४ फेब्रुवारी १९४५ रोजी कुनमिंगला पोचला. त्या रस्त्याचे खरे मानकरी म्हणजे जीएमसीचे अडीच टनी, सहाही चाकांना जोर असलेले ट्रक. अमेरिकेने ते साडेपाच लाखांवर बनवले. जोडीला डॉजचे पाऊण टनी 'वेपन कॅरियर' आणि जीपा होत्याच. युद्ध संपलं आणि हे सगळं लटांबर परत कोण नेणार, असा प्रश्न उभा राहिला. बोटीचं भाडं गाडीच्या किमतीपेक्षा जड झालं असतं. म्हणून गाड्या इथेच विकल्या गेल्या.

'डिस्पोजल' हा शब्द मराठीत आला तो याच वेळी. डिस्पोजलचा कोट, डिस्पोजलचे बूट, डिस्पोजलची ताडपत्री, आणि मैदानात रांगेने उभ्या डिस्पोजलच्या गाड्या. १९४३ मध्ये उभ्या राहिलेल्या लष्कराच्या इलेक्ट्रिकल-मेकॅनिकल शाखेने हजारो पोरांच्या हाती पाना दिला होता. युद्धानंतर त्यातले कित्येक घरी परतले. गाडी विकायला आहे, चालवणारा आहे, खोलून बांधणारा आहे, आणि देशात नवे ट्रक तर फारसे नाहीतच. वाहतुकीच्या धंद्याला यापेक्षा बरा मुहूर्त कुठला मिळणार?

आपल्या आणि परदेशातल्या छंदाचा रस्ता इथे वेगळा होतो. ब्रिटनमध्ये लष्करी गाड्या जपणाऱ्यांची संघटना साठच्या दशकाच्या अखेरीस उभी राहिली, अमेरिकेत १९७६ मध्ये. तिथेही या गाड्यांनी शेतावर, लाकूडतोडीत आणि अग्निशामक दलात राबून पोट भरलं होतं. पण वीसेक वर्षांत स्वस्त नवे ट्रक आले आणि जुने गोठ्यामागे विसावले. मूळ इंजिन, मूळ दिवे, कधी कधी तर डॅशबोर्डवरची सूचनांची पाटीसुद्धा शाबूत. दर जूनमध्ये १९४४ च्या चढाईच्या आठवणीसाठी फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर चकचकीत रांगा लागतात त्या अशाच गाड्यांच्या. आपल्याकडे गाडीला विसावा कुठला? तिचं पेट्रोल इंजिन परवडेना, म्हणून मालकाने मद्रासच्या सिम्पसन कंपनीत बनणारं पर्किन्सचं डिझेल इंजिन बसवलं. बॅटरी सहा व्होल्टची होती, तिची बारा झाली. केबिन फाटली तेव्हा गावातल्या सुताराने सागाची बांधली. पुढच्या एक्सलचा जोर काढून टाकला, कारण घाटात तो काय कामाचा, उलट डिझेल खातो. फौजेत तीन-चार वर्षं काढलेली गाडी नंतर तीस-चाळीस वर्षं ऊस, वाळू आणि फाडी दगड वाहत होती. आता तिला '१९४३ सालची' करायची म्हणजे ही तीस-चाळीस वर्षं खरवडून फेकायची. मला स्वतःला ते पटत नाही; पण हा छंद करणाऱ्यांत माझ्या बाजूची माणसं थोडीच.

स्वतंत्र भारताच्या फौजेचीही सुरुवात जुन्याच गाड्यांवर झाली, आणि त्यातून देशातला पहिला गाजलेला घोटाळाही निघाला. काश्मीरच्या लढाईसाठी गाड्या हव्या होत्या. १९४८ मध्ये लंडनमधले आपले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी नेहमीची रीत बाजूला ठेवून सुमारे ८० लाख रुपयांचा जीपांचा करार केला. जीपा नव्या नव्हत्या, दुरुस्त करून देण्याच्या होत्या. दोन हजारांची मागणी, आणि बंदरात उतरल्या त्या १५५. 'जुनी गाडी नव्यासारखी करून देतो' या वाक्यावर किती विश्वास ठेवावा, याचा धडा आपल्या सरकारने इतक्या लवकर घेतला होता. १९५५ मध्ये प्रकरण मिटवण्यात आलं आणि पुढच्याच वर्षी मेनन मंत्रिमंडळात दाखल झाले.

गंमत अशी की, देशात लष्करी ट्रक बनू लागले ते याच मेनन यांच्या काळात. १९५७ मध्ये ते संरक्षणमंत्री झाले, जर्मनीच्या मान कंपनीशी करार झाला आणि १९५९ च्या जूनमध्ये जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीतून पहिला 'शक्तिमान' बाहेर पडला. नावाच्या शेपटात कंपनीचं नाव आपसूक आलेलं. लांब गोल नाकाची, चारही चाकांना जोर असलेली ही डिझेल गाडी १९९६ पर्यंत बनत राहिली. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत तोफा, दारूगोळा, रेशन आणि जवान यांची ने-आण तिनेच केली. शक्तिमानच्याच सुमाराला जपानच्या निसानकडून एक टनी ट्रकही आला. त्याच्या नाकाडावरून हात फिरवला की डॉजच्या वेपन कॅरियरची आठवण होते, कारण निसानने तो अमेरिकन वळणावरच बेतला होता. लेडोच्या चिखलातल्या गाडीचं वळण असं जपानमार्गे जबलपूरला पोचलं.

मेनन यांचे टीकाकार तेव्हा म्हणत की, ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांत बंदुकांऐवजी कॉफीची यंत्रं बनतायत. १९६२ च्या पराभवानंतर मेनन गेले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला. यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले ते मोडलेली फौज पुन्हा उभी करायला, आणि डोंगरी रस्त्यांवर चालणाऱ्या गाड्या ही त्यातली मोठी गरज होती. जबलपूरची स्वतंत्र व्हेइकल फॅक्टरी १९६९ मध्ये सुरू झाली. निसानच्या 'पॅट्रोल' या जीपवजा गाडीवर बेतलेली 'जोंगा' तिथलीच. जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली या इंग्रजी नावाच्या अक्षरांतून तिचं नाव जुळवलं. मराठी मुलुखाचा आणखी एक धागा नगरचा. लष्करी गाड्या तपासणारी संस्था फाळणीनंतर रावळपिंडीजवळच्या चकलालाहून अहमदनगरला आली आणि आज 'व्हीआरडीई' म्हणून ओळखली जाते. त्याच शहरातल्या १९९४ च्या रणगाडा संग्रहालयात जगभरचे रणगाडे ओळीने जपलेत. ट्रकच्या वाट्याला असं कौतुक क्वचितच येतं. रणगाड्याने लढाई जिंकली असं म्हणतात, त्याचं डिझेल कोणी आणलं हे कोणी विचारत नाही.

आज हाती लागणारे ट्रक बहुतेक याच पिढीतले, म्हणजे शक्तिमान आणि निसान वन-टन. कॅनेडियन गाडी मिळालीच तर एक गोष्ट आधी शिकावी लागते. तिच्या चाकाची रिम दोन फाकांची असते आणि त्या बोल्टनी एकमेकींना आवळलेल्या असतात. चाक गाडीला धरणारे नट वेगळे, फाका धरणारे वेगळे. फाकांचे नट लाल रंगवायची फौजेत पद्धत होती. हवा भरलेली असताना लाल नट सैल केला तर रिम तोफगोळ्यासारखी सुटते. ऐंशी वर्षांत तो लाल रंग उडालेला असतो, म्हणून जाणता मिस्त्री पान्याला हात लावण्याआधी व्हॉल्व्ह काढून हवा पुरती सोडतो आणि मगच चहा मागवतो. इंजिन चालू करायला पुढून हँडल मारण्याचंही तसंच. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मूठ वळायची नाही. इंजिनने उलटा झटका दिला तर मुठीतला अंगठा मोडतो. पुस्तकात हे लिहिलेलं असतं, पण लक्षात राहतं ते उस्तादाने टपली मारून सांगितलेलं.

सुट्या भागांसाठी पुण्यात नाना पेठ आणि जुना बाजार पालथा घालायचा, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, आणि तिथेही नाही जमलं तर दिल्लीचं मायापुरी. जीपवाल्यांचं वेड आणखी पुढचं. युद्धकाळात फोर्डने बनवलेल्या जीपच्या बोल्टांच्या माथ्यावर इंग्रजी 'एफ' ठोकलेलं असे, त्यामुळे तसा एकेक बोल्ट ते सोन्याच्या भावाने घेतात. ट्रकवाल्याला ही चैन परवडत नाही. ट्रकचा बोल्टच मनगटाएवढा, तो लेथवाल्याकडून करून घ्यायचा.

कायदाही जीपवाल्यांवर जरा जास्त मेहेरबान आहे. २०२१ मध्ये केंद्राने विंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली: वय ५० वर्षांपुढचं, मूळ रूप राखलेलं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. पण व्याख्येत दुचाकी आणि प्रवासी चारचाकी एवढ्याच गाड्या बसतात. मालवाहू ट्रकला तिथे जागा नाही. शक्तिमान कितीही म्हातारा झाला तरी कायद्याच्या लेखी तो विंटेज होत नाही, नुसता जुना ट्रक राहतो, आणि जुन्या ट्रकची वाट भंगाराकडे जाते. एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्या मोडीत काढायचं धोरण लागू झालंय. त्यातून लष्कराची खास कामाची वाहनं वगळलीत खरी, पण साधे ट्रक लिलावात उभे राहण्याचे दिवस कमी होत चाललेत.

नगर रस्त्याला एका पत्र्याच्या शेडमध्ये एक निसान वन-टन तीन वर्षं खोलून ठेवलेला मी पाहतोय. दाराचा पत्रा घासताना मालकाने वीतभर चौकोनात एकेक थर अलगद उतरवलाय. सगळ्यात वर झेंडूसारखा नारिंगी, त्याखाली निळा, मग पांढरा अस्तराचा, मग कुठल्यातरी पाणीपुरवठ्याच्या टँकरचा पिवळा आणि तळाशी तो हिरवा, अजून तुकतुकीत. गेल्या महिन्यात रंगारी आला, त्या चौकोनाकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "साहेब, पाच रंग दिसतायत. कुठला डबा फोडू?"