पार्श्वभूमी : पगारपत्रकातला ‘विशेष भत्ता’ आणि पीएफचा वाद

दुकानाची नोंदणी, व्यवसाय कर, कामगार कल्याण निधी या गोष्टी छोट्या मालकांच्या सवयीच्या आहेत, त्या इथे बाजूला ठेवू. खरा घोळ पीएफ नेमका कोणत्या रकमेवर कापायचा, यात झाला आहे.

पीएफचा कायदा १९५२ चा. सुरुवातीला तो मोजक्या उद्योगांतल्या, किमान ५० कामगारांच्या कारखान्यांपुरता होता. १९६० मध्ये ही मर्यादा २० वर आली आणि छोटा मालक त्याच्या कक्षेत आला. मूळ वेतनाच्या व्याख्येतून घरभाडे, ओव्हरटाइम, बोनस, कमिशन वगळलं आणि पुढे ‘किंवा तत्सम भत्ता’ असे शब्द जोडले. महागाई भत्ता तर व्याख्येतून वगळून वर्गणीच्या कलमात परत घेतला. ‘तत्सम’ म्हणजे काय, यावर पुढची साठ-सत्तर वर्षं भांडण चाललं.

१ सप्टेंबर २०१४ ला पीएफसाठीची वेतनमर्यादा, म्हणजे ज्या पगारापर्यंत वर्गणी सक्तीची ती रक्कम, ६,५०० वरून १५,००० रुपये झाली, तेव्हा हा प्रश्न पेटला. त्याआधी वर्गणी ६,५०० वरच थांबवता येत असल्याने पगाराची फोड कशीही केली तरी फारसा फरक पडत नसे. मर्यादा वाढली आणि मूळ वेतन लहान ठेवून उरलेली रक्कम भत्त्यांत घालण्याची पद्धत वर्कशॉप, क्लिनिक, शाळांपर्यंत पोचली. बहुतेक छोट्या मालकांनी ती स्वतः शोधलेली नाही. सल्लागाराने एक्सेलचा तयार तक्ता दिला, तो त्यांनी भरला. त्याआधी, २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये, अशा फोडीविरुद्ध पीएफ संघटनेचं एक परिपत्रक निघालं होतं, पण पुढच्याच महिन्यात ते स्थगित झालं. तेव्हाच ठाम भूमिका घेतली असती तर पुढचा बराच मनस्ताप टळला असता.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला २८ फेब्रुवारी २०१९ ला. जो भत्ता सरसकट सगळ्यांना, नेहमीचा म्हणून मिळतो तो मूळ वेतनाचाच भाग, असं न्यायालयाने सांगितलं. तो जादा कामाशी जोडलेला आहे किंवा ठरावीक लोकांनाच मिळतो, हे दाखवायची जबाबदारी मालकावर आली. कसोटी नवी नव्हती, १९६२ च्या निकालातही तिचं मूळ सापडतं.

१४,००० रुपये पगार घ्या : मूळ ६,०००, घरभाडे ३,०००, वाहतूक २,०००, विशेष भत्ता ३,०००. जुन्या पद्धतीने १२ टक्के म्हणजे ७२० रुपये. वाहतूक आणि विशेष भत्ता सरसकट असतील तर निकालानुसार ११,००० वर १,३२० रुपये, आणि तेवढेच मालकाच्या वाट्याचे. म्हणजे महिन्याला दोन्ही बाजूंचे मिळून १,२०० रुपये कामगाराच्या पीएफ आणि पेन्शनसाठी जमा होतच नव्हते. हा पैसा त्याच्या म्हातारपणाचा होता, म्हणून निकाल योग्यच होता. मात्र तो कोणत्या तारखेपासून लागू, हे स्पष्ट झालं नाही आणि मागच्या वर्षांच्या थकबाकीची टांगती तलवार छोट्यांच्या डोक्यावर राहिली. थकबाकीवर १२ टक्के व्याज लागतं. त्यावर दंड विलंबानुसार वर्षाला ५ ते २५ टक्के होता, तो जून २०२४ पासून महिन्याला १ टक्का झाला. वीस-पंचवीस माणसांच्या कारखान्याला एवढी थकबाकी झेपत नाही.

ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विम्याची, व्याख्या वेगळी होती : तिथे घरभाडेही धरत. ग्रॅच्युइटी मूळ आणि महागाई भत्त्यावर होती. एकाच पगारपत्रकावर तीन-तीन आधार होते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी एकच व्याख्या आणली. वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या, तर निम्म्याहून जास्तीची रक्कम वेतनात परत येते. वरच्या उदाहरणात घरभाडे आणि वाहतूक मिळून ५,००० होतात, म्हणजे निम्म्याच्या आत. त्यामुळे वेतन ९,००० आणि वर्गणी १,०८०. जुन्या पगारपत्रकापेक्षा जास्त, पण २०१९ च्या निकालापेक्षा कमी, कारण वाहतूक भत्ता संहितेने थेट वगळला आहे. ‘निम्मा पगार बेसिक ठेवा, झालं’ हा सध्या मिळणारा सल्ला म्हणूनच अपुरा आहे. विशेष भत्ता वगळलेल्यांच्या यादीत नाही, तो आधी वेतनात धरायचा आणि मग निम्म्याचा हिशेब करायचा. त्या तारखेच्या आधीच्या महिन्यांचा वाद मात्र जुन्याच व्याख्येने सोडवावा लागेल.