वॉर्साच्या चित्रफिती: कॅमेरा कुणाच्या हातात होता?

दुसऱ्या महायुद्धावरचा कुठलाही माहितीपट लावा, पोलंडची राजधानी वॉर्साच्या घेट्टोतली, म्हणजे जर्मनांनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतली, चार-दोन दृश्यं त्यात हमखास येतात. फुटपाथवर पडलेलं प्रेत आणि त्याच्याकडे न बघता पुढे जाणारी माणसं, अंगावर चिंध्या असलेली, हाडांचा सापळा झालेली मुलं. ही दृश्यं कुणी टिपली आणि कशासाठी, हे मात्र क्वचितच सांगितलं जातं. वॉर्साच्या बाबतीत हे सांगणं फार गरजेचं आहे, कारण या शहरावर रोखलेला कॅमेरा सहा वर्षांत अनेकदा हात बदलून गेला.

सप्टेंबर १९३९च्या जर्मन वेढ्यात परदेशी बातमीदार शहर सोडून चालले असताना एक अमेरिकी छायाचित्रकार उलट आत शिरला. महापौरांनी त्याला मोटार आणि दुभाष्या दिला. सुमारे दोन आठवडे त्याने बॉम्बफेकीत सापडलेल्या सामान्य माणसांचं चित्रण केलं आणि त्यातून तयार झालेला लघुपट १९४०मध्ये अमेरिकेत दाखवला गेला. जर्मन वार्तापटांतला तोच वेढा म्हणजे निव्वळ विजययात्रा होती.

खरा गुंता आहे तो मे १९४२मधल्या चित्रणाचा. तेव्हा जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरमध्ये कोंडलेल्या चार लाखांवर ज्यूंमधले ८० हजारांहून अधिक लोक भुकेने आणि रोगराईने मेलेले होते. अशा वेळी जर्मन प्रचारखात्याचं पथक कॅमेरे घेऊन आत आलं आणि महिनाभर चित्रण करत राहिलं. घेट्टोतल्या ज्यू मंडळाच्या अध्यक्षांनी डायरीत लिहून ठेवलंय की, त्यांच्या कचेरीतली भिंतीवरची चित्रं आणि तक्ते उतरवले गेले आणि टेबलावर नऊ फाट्यांचा, सगळ्या मेणबत्त्या पेटवलेला स्टँड आणून ठेवला गेला. त्याआधी अर्जदार आणि धर्मगुरू आत येतानाचा प्रसंगही घेतला गेला होता. जुलैत घेट्टो रिकामा करायला सुरुवात झाली. त्याच्या दुसऱ्या दिवशी, २३ जुलैला, या अध्यक्षांनी आत्महत्या केली. पुढच्या दोन महिन्यांत अडीच लाखांहून अधिक माणसं ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत धाडली गेली. चित्रपट अर्धवटच राहिला.

त्याची सुमारे तासाभराची मूक फीत १९५४मध्ये पूर्व जर्मनीच्या संग्रहात सापडली आणि जगभरच्या माहितीपटांनी तिच्यातले तुकडे उचलले. माझ्या मते युद्धकाळातल्या चित्रणाबाबत झालेली सर्वांत मोठी चूक हीच. वर्षानुवर्षं हे तुकडे ‘घेट्टो असा होता’ म्हणून दाखवले गेले. १९९८मध्ये अमेरिकेच्या एका हवाई तळावर याच चित्रणातून गाळलेली अर्ध्या तासाची फीत मिळाली, तेव्हा लबाडी उघडी पडली. चांगल्या कपड्यांतल्या बायका भीक मागणाऱ्या पोरांकडे दुर्लक्ष करून दुकानात शिरतात, हा एकच प्रसंग त्यात पुन्हा पुन्हा घेतलेला दिसतो. कुठे चौकटीच्या कडेला दुसरा कॅमेरामनच येऊन गेलाय. श्रीमंत ज्यू निर्दय असतात हे दाखवण्यासाठी माणसांना धाक दाखवून चालवलं, बसवलं, हसवलं होतं. २०१०मध्ये एका माहितीपटाने हे सगळं साक्षींसह मांडलं.

तरीही ही फीत कुलूपबंद करावी, हे मत मला पटत नाही. प्रेतं खरी होती, भूकही खरी होती आणि त्या चेहऱ्यांपैकी बहुतेकांची दुसरी कुठलीही खूण उरलेली नाही. दाखवा, पण कुणी आणि कशासाठी चित्रित केलं ते प्रत्येक वेळी पडद्यावर लिहा.

जर्मनांविरुद्धच्या १९४४च्या उठावात कॅमेरा शेवटी शहरवासीयांच्याच हाती आला. १ ऑगस्टपासून ६३ दिवस लढाई चालली. भूमिगत सेनेच्या माहिती विभागातल्या लोकांनी रस्त्यारस्त्यांवर चित्रण केलं, शहरातच फिती धुतल्या आणि १३ ऑगस्टला पॅलेडियम चित्रपटगृहात पहिला वार्तापट दाखवलाही. काही गल्ल्यांपलीकडे तोफा धडाडत होत्या.

युद्धानंतर कम्युनिस्ट राजवटीच्या सरकारी वार्तापटाचा काळ आला. आपल्याकडे थिएटरात सिनेमाआधी फिल्म्स डिव्हिजनचा वार्तापट असायचा, तसाच हा दर आठवड्याला झळकायचा, थेट १९९४पर्यंत. त्यात ढिगारे उपसणारे हात दिसतात, नव्याने उभं राहणारं जुनं शहर दिसतं आणि २२ जुलै १९४९ला खुल्या झालेल्या पूर्व-पश्चिम मार्गावरचा सरकता जिनाही दिसतो. पुनर्बांधणीची जिद्द खोटी नव्हती. पण उठावात लढलेले कितीतरी जण त्याच काळात तुरुंगात होते आणि पहिली दहा वर्षं त्यांच्याबद्दल जाहीरपणे चांगलं बोलणंही अवघड होतं.

उठावाची सुमारे सहा तासांची मूळ फीत पुढे घेऊन २०१४मध्ये तिच्यातून ८७ मिनिटांचा रंगीत चित्रपट केला गेला. ओठांच्या हालचालींवरून शब्द ओळखणारे तज्ज्ञ बोलावून मूक माणसांना आवाज दिले. रंग देण्यावरून बराच वाद झाला. मला रंगांपेक्षा त्यातली कथा खटकते. चित्रण करणारे म्हणून पडद्याबाहेरून बोलणारे दोन भाऊ काल्पनिक आहेत. उठावात ज्यांनी खरोखर कॅमेरा उचलला, त्यांच्या जागी ही दोन माणसं आणायची काहीच गरज नव्हती.