पहाटेची दोन तासांची झोप आणि हरवलेली स्वप्नं

लहानपणी रोज स्वप्नं आठवायची, क्वचित स्वप्नातच ‘अरे, हे तर स्वप्न आहे’ हेही कळायचं. कामाचा व्याप वाढला आणि सगळं बंद झालं, अशी तक्रार बरेच जण करतात. स्वप्नं पडायची थांबलेली नसतात. स्वप्नांचा जो मुख्य वेळ, नेमक्या त्याच वेळी गजर वाजत असतो.

ठळक, गोष्टीसारखी स्वप्नं मुख्यतः रेम झोपेत पडतात. बंद पापण्यांखाली बुबुळं भराभर हलण्याची ही अवस्था युजीन ॲझेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठातून जगासमोर मांडली. झोपेची साधारण ९० मिनिटांची चार-पाच आवर्तनं रात्रभरात होतात. पहिल्यात रेम झोप जेमतेम ५-१० मिनिटं असते, पहाटेच्या आवर्तनांत ती अर्ध्या तासापर्यंत किंवा त्याहूनही पुढे जाते. म्हणून आठऐवजी सहाच तास झोपलं तर झोप पाव हिश्शाने घटते, पण रेम झोप त्याहून बरीच जास्त बुडते. त्यामुळे तंत्र-मंत्र नंतर. आधी दोन आठवडे झोपायची वेळ तासभर अलीकडे आणावी, उठायची वेळ तीच ठेवावी. झोपण्याआधीचं मद्यही रेम झोप दाबतं. नैराश्यावरची बरीच औषधं तेच करतात, पण ती स्वप्नांसाठी परस्पर बंद करायची नाहीत.

आता आठवण. रेम झोपेत मेंदूतल्या नॉरॲड्रेनॅलिन या रसायनाची पातळी अगदी खाली गेलेली असते आणि नव्या आठवणी पक्क्या बसत नाहीत. मध्येच जाग आली तरच स्वप्न हाती लागतं. फ्रान्समधल्या लियाँच्या संशोधकांना आढळलं, की ज्यांना वारंवार स्वप्नं आठवतात ते रात्री एकूण सुमारे ३० मिनिटं जागे असतात. ज्यांना क्वचित आठवतात ते साधारण १५. म्हणजे कूस बदलताना येणारी जाग वाया घालवायची नाही.

जाग आली की हलायचं नाही, डोळे उघडायचे नाहीत. ‘आज काय काय कामं आहेत’ हा विचार येण्याआधी ‘आत्ता मनात काय चाललं होतं’ हे विचारायचं. शेवटचं दृश्य सापडलं की त्याच्या आधी काय, त्याच्या आधी काय, असं मागे मागे जायचं. दृश्य नसेल तर भावना पकडायची: भीती, घाई, लाज, काहीही. तरीही काही नाही? मग सावकाश दुसऱ्या कुशीवर वळून पुन्हा पाहायचं. सापडलं की उशाशी ठेवलेल्या वहीत चार-पाच शब्द लिहायचे: ‘जिना, ओली चप्पल, परीक्षा, उशीर’. एवढ्यावरून संध्याकाळी बाकीचं बहुधा परत येतं. सकाळी वीस मिनिटं पानभर लिहायला गेलं की आठवड्याभरात वही बंद पडते. फोनवर नोंद करायची असेल तर तो रात्रभर फ्लाइट मोडवर हवा. एका नोटिफिकेशनने स्वप्न पुसलं जातं. कोरा दिवस असला तरी ‘काही आठवलं नाही’ असं लिहावं, कारण सवय जागं झाल्यावर थांबण्याची लावायची आहे.

आठवड्यातून चार-पाच स्वप्नं हाती येऊ लागली, की ल्युसिड ड्रीमिंगकडे, म्हणजे स्वप्नातच ‘हे स्वप्न आहे’ याचं भान येण्याकडे वळावं. आधी नाही, आठवलंच नाही तर भान आलं होतं की नाही, हे कळणार कसं?

दिवसभर ‘मी स्वप्नात आहे का’ असं तपासत राहण्याचा सल्ला फार प्रसिद्ध आहे, पण एकट्याने तो फारसा चालत नाही. यांत्रिकपणे विचारलं तर स्वप्नातही ‘नाही, जागाच आहे’ असंच उत्तर मिळतं. अधिक भरवशाची आहे स्वप्नसंशोधक स्टीफन लाबर्ज यांची ‘माइल्ड’ पद्धत. सुमारे पाच तास झोपून उठायचं, नुकतंच पडलेलं स्वप्न आठवायचं आणि पुन्हा आडवं होऊन मनात म्हणायचं, ‘पुढच्या वेळी स्वप्न पडेल तेव्हा ते स्वप्न आहे हे मला आठवेल.’ सोबत त्याच स्वप्नात परत शिरून त्यातली विचित्र गोष्ट ओळखल्याची कल्पना करायची. डोळा लागेपर्यंत हेच. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडमधले संशोधक डेनहोम ॲस्पी यांच्या २०१७ च्या अभ्यासात पाच तासांनी उठणं, माइल्ड आणि दिवसाची तपासणी एकत्र करणाऱ्यांना आठवड्याभरात सुमारे १७ टक्के प्रयत्नांत यश आलं. माइल्डनंतर पाच मिनिटांत झोपी गेलेल्यांत हे प्रमाण ४६ टक्के होतं. मोठा दिवा, फोन, बराच वेळ वाचन इथे नडतं ते यामुळेच. वीस मिनिटांत झोप आली नाही तर त्या रात्रीपुरता नाद सोडावा. आणि हा प्रयोग सुट्टीच्या आदल्या रात्रीच करावा. झोपमोड होऊन दुसऱ्या दिवशी गाडी चालवणं परवडणारं नाही. ज्यांना वास्तव आणि भास यांत गल्लत होण्याचा आजार आहे, त्यांनी या वाटेला जाऊच नये.

भान आलं की बहुतेकांची पहिली ल्युसिड स्वप्नं आनंदाच्या भरात काही सेकंदांत मोडतात. उडायला धावू नये. स्वप्नातले तळहात एकमेकांवर घासावे, भिंतीला हात लावावा. स्वप्न टिकलं नाही आणि पलंगावर जाग आली, तरी लगेच विश्वास ठेवू नये. अशी खोटी जाग वारंवार येते आणि माणूस स्वप्नातच वही उघडून स्वप्न लिहीत बसतो. तोंड मिटून नाक चिमटीत धरावं आणि श्वास घेऊन पाहावा. श्वास आत गेला तर वही ठेवून द्यावी, स्वप्न अजून चालू आहे.